लठ्ठ कण्हेर: अडेनियमची पार्श्वभूमी

मुंबईत पोडियमवरच्या बागेत, गच्चीवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये अडेनियम आता सर्रास दिसतं. नर्सरीवाले त्याला डेझर्ट रोज म्हणतात, पण ते गुलाब नव्हे. ते कण्हेरीच्या कुळातलं, चाफ्याचं भावंड. चीक विषारी, आफ्रिकेत शिकारी त्यापासून बाणांना लावायचं विष करत. घरात लहान मूल असेल तर हे आधी माहीत हवं.

या झाडाच्या नोंदीची गोष्ट मुंबईला येऊन भिडते, म्हणून ती मला जवळची वाटते. १७६१ साली डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात सहा जणांची मोहीम धाडली. त्यात स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य पेटर फोर्स्कोल होता. येमेनच्या डोंगरउतारांवर वनस्पती गोळा करताना त्यानं हे झाड टिपून ठेवलं आणि जुलै १७६३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिथंच तापानं तो गेला. उरलेले मोखा बंदरातून मुंबईला निघाले. चित्रकार आणि नोकर समुद्रातच दगावले, डॉक्टर मुंबईत पोचून वारला. वाचला एकटा कार्स्टन नीबूर. त्यानं वर्षभराहून जास्त मुंबईत राहून घारापुरीच्या लेण्यांचा अभ्यास केला आणि मायदेशी परतल्यावर, १७७५ साली, फोर्स्कोलच्या नोंदी छापून आणल्या. त्यांत या झाडाचं नाव होतं नेरियम ओबेसम, म्हणजे लठ्ठ कण्हेर. अडेनियम हे वेगळं नाव १८१९ सालचं.

लठ्ठपणा आहे तो पाण्याचा साठा. महिनोन्महिने पाऊस नसेल तर बुंध्यावर निभावायचं, पानं गाळून टाकायची. पुढं थायलंड आणि तैवानच्या बागाइतदारांनी दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचे वाण काढले. बी पेरून तसंच फूल येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे बियांपासून वाढवलेल्या बुंध्यावर कलम बांधतात. फांदी लावूनही झाड जगतं, पण तसा डौलदार बुंधा धरत नाही.

मुंबईचं ऊन त्याला मानवतं. मार्च ते मे फुलांनी लगडतं. घात करतो तो पाऊस. इथं चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला. माझी पहिली तीन झाडं अशीच श्रावणाआधी गेली. वरून पानं हिरवीगार, बुंधा दाबला तर बोट आत.

म्हणूनच सोसायटीच्या वाफ्यात, लॉनच्या कडेला अडेनियम लावलेलं पाहिलं की जीव तुटतो. माळी सगळ्यांना एकाच पाइपनं रोज पाणी घालतो, त्यात हेही भिजतं. त्याची जागा उथळ कुंडीत: निम्म्याहून जास्त विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू, बाकी माती-शेणखत, तळाला मोठी भोकं. मृग लागायच्या आत कुंडी छपराखाली न्यायची आणि माती पूर्ण सुकेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही.