पट्टा, साखळी आणि अंतर : ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरील वादाची पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांत आणि नवी मुंबईत वाशी, नेरुळ, खारघरच्या सोसायट्यांत पाळीव कुत्र्यांविषयीची एक तक्रार वारंवार ऐकू येते. कुत्रा घरात शांत असतो, घरच्यांच्या अंगाखांद्यावर खेळतो. पण लिफ्टचे दार उघडताच समोर दुसरा कुत्रा, डिलिव्हरीवाला किंवा सायकलवरचे मूल दिसले की पट्ट्याला हिसडे देत भुंकतो आणि अंगावर धावून जातो. अशा कुत्र्याला श्वानपालक आता सर्रास ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. त्याला कसे शिकवावे यावर मात्र श्वानपालकांत आणि ट्रेनरमंडळींत सरळ दोन तट पडलेले आहेत. एका बाजूला ओढताच गळ्याभोवती आवळणारी चोक चेन, आतून काटे असलेली प्राँग कॉलर आणि विजेचा झटका देणारी शॉक कॉलर यांचे समर्थक आहेत. दुसऱ्या बाजूला गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस, ‘बरोबर केलेस’ हे टकटक आवाजाने सांगणारा छोटा क्लिकर आणि खाऊ यांवर भिस्त ठेवणारे आहेत. वरवर हा वाद साधनांचा दिसतो, परंतु त्या प्रत्येक साधनाचा जन्म वेगळ्या गरजेतून झालेला आहे आणि ती गरज लक्षात घेतल्याशिवाय वादाचा उलगडा होत नाही.

सक्तीवर आधारलेल्या पद्धतीची लेखी परंपरा सामान्यतः कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्यापासून सांगितली जाते. पोलिसी कामासाठी कुत्रे तयार करण्याच्या अनुभवावर त्याने १९१० मध्ये पुस्तक लिहिले. त्यात शिक्षा आणि बक्षीस या दोहोंचा परिणाम त्याने बारकाईने मांडला होता, हे त्याच्यावर टीका करणारेही मान्य करतात. पुढे अमेरिकेत विल्यम कोहलर याने १९६२ मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लांब दोरी, गळ्यात चोक चेन आणि कुत्रा चुकला की त्याच क्षणी जोरदार झटका हा तिचा गाभा होता. भारतात श्वानप्रशिक्षणाचे संघटित ज्ञान प्रामुख्याने गणवेशातल्या संस्थांकडे राहिले : मेरठ येथील लष्कराची रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर, टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाचे केंद्र, आपल्याकडे पोलिसांची श्वानपथके. घरोघरी जाऊन कुत्रे शिकवणाऱ्यांच्या जुन्या पिढीत या सेवांतून निवृत्त झालेल्यांचा भरणा असल्याने ‘बैठ’, ‘रुक’ यांच्याबरोबर साखळीचा झटकाही आपल्या दिवाणखान्यात आला. येथे एक फरक सहसा नजरेतून सुटतो. पथकासाठी कुत्रा निवडून घेतला जातो आणि बिथरणारा कुत्रा निवडीतच बाद होतो. सोसायटीतल्या श्वानपालकाला ही मुभा नसते. जो कुत्रा घरात आहे, त्याच्याशीच त्याला निभवावे लागते.

सक्तीला पुढे लांडग्यांच्या अभ्यासाचा आधार मिळाला. रुडॉल्फ शेंकेल याने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये वर्चस्वाच्या चढाओढीची मांडणी केली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे ‘अल्फा’ म्हणजे कळपावर वर्चस्व गाजवणारा म्होरक्या ही कल्पना सर्वदूर पोहोचली, आणि १९७८ मध्ये अमेरिकेतील न्यू स्कीट मठाच्या साधूंनी लिहिलेल्या पुस्तकाने कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याच्या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. मुक्त लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, हे मेक यांनीच १९९९ च्या शोधनिबंधात स्पष्ट केले. न्यू स्कीटच्या साधूंनीही नंतरच्या आवृत्तीत उताणे पाडण्याचा सल्ला मागे घेतला. तोवर उशीर झाला होता. २००४ पासून श्वानप्रशिक्षक सीझर मिलान यांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि ‘कुत्र्याला आपण बॉस आहोत हे दाखवा’ हे वाक्य ठाण्यातल्या पार्किंगमध्येही ऐकू येऊ लागले. प्रसार करणाऱ्या अभ्यासकाने स्वतःच दुरुस्त केलेला सिद्धान्त लोकव्यवहारात इतका टिकून राहावा, याचे नवल वाटते.

दुसरी परंपरा प्रयोगशाळेतून आली. पाव्हलोव्ह यांचे अभिजात अभिसंधान (एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसणे) आणि स्किनर यांचे साधक अभिसंधान (परिणामांवरून वर्तन बदलणे) पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मरियन ब्रेलंड यांनी ही तत्त्वे व्यावसायिक प्राणिप्रशिक्षणात वापरली. हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून ती सर्वसामान्यांपर्यंत नेली. पोहणाऱ्या डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्यामुळे शिट्टी आणि मासे यांवरच काम भागवणे तेथे भाग होते. क्लिकरचे मूळ या सक्तीविना चालणाऱ्या कामात आहे.

परंतु रिअ‍ॅक्टिव्ह कुत्र्याच्या संदर्भात या सर्वांहून महत्त्वाचे काम जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मानसोपचारतज्ज्ञाचे आहे, आणि श्वानपालकांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. वोल्पे याने जोहान्सबर्ग येथे मांजरांना पिंजऱ्यात विजेचे झटके देऊन भीती निर्माण केली. ती मांजरे पुढे झटका नसतानाही त्या पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावीनात. मग त्याने त्यांना त्या खोलीशी जेमतेम साम्य असलेल्या खोलीत खायला दिले, तेथे ती निर्धास्त झाल्यावर थोडे अधिक साम्य असलेल्या खोलीत, आणि असे टप्प्याटप्प्याने शेवटी मूळ पिंजऱ्यात. भीती ओसरली. १९५८ च्या ग्रंथात त्याने यावरून माणसांसाठी उपचारपद्धती मांडली. आज कुत्र्याला ‘दुसरा कुत्रा दूर दिसला की खाऊ’ असे शिकवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. लेस्ली मॅकडेव्हिट यांनी २००७ मध्ये मांडलेला, कुत्र्याने बिथरवणाऱ्या गोष्टीकडे पाहावे आणि मालकाकडे वळून बक्षीस घ्यावे असा खेळही त्याच वाटेने जातो. या पद्धतींत खाऊपेक्षा अंतर महत्त्वाचे आहे. कुत्रा बिथरला की तो खाऊ हुंगतसुद्धा नाही. तो बिथरणार नाही इतक्या दुरून सुरुवात करणे, हीच त्यातील खरी मेख आहे. वोल्पेच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट शॉक कॉलरच्या चर्चेत आठवण्यासारखी आहे : झटका हे त्या मांजरांच्या भीतीचे कारण होते, औषध नव्हे.

शॉक कॉलर अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिकारी कुत्र्यांसाठी प्रचारात आली. मोकळ्या रानात दूरवर धावणाऱ्या, हाकेच्या पलीकडे गेलेल्या कुत्र्याला थांबवणे हा तिचा उद्देश होता. मीटरभर पट्ट्यावर, शेजाऱ्याच्या कुत्र्याला घाबरून भुंकणाऱ्या प्राण्याची स्थिती अगदी वेगळी असते. त्याला नेमका दुसरा कुत्रा दिसण्याच्या क्षणी वेदना झाली, तर ती वेदना तो आपल्या भुंकण्याशी जोडील की समोरच्या कुत्र्याशी, हे ट्रेनरच्या हाती राहत नाही. शिवाय गुरगुरणे दडपले गेले की चावण्यापूर्वीची सूचनाच नाहीशी होते. मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी, तर उताणे पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचे सांगितले. वर्तनोपचाराच्या दवाखान्यात आलेलेच हे कुत्रे होते, ही मर्यादा ध्यानात घेऊनही आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. वेल्समध्ये २०१० पासून शॉक कॉलरच्या वापरावर बंदी आहे, आणि प्राणिवर्तनाशी संबंधित अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये केवळ बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली. समर्थकांची बाजू सर्वस्वी पोकळ आहे असेही नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात हलत्या वस्तूचा पाठलाग थांबवण्यात शॉक कॉलर खाऊपेक्षा अधिक परिणामकारक ठरली. मात्र पाठलागाची ओढ आणि भीतीने केलेला हल्ला या दोन वेगळ्या अवस्था आहेत. एकीवरचा निष्कर्ष दुसरीला लावण्याची घाई, माझ्या मते, या वादातील सर्वांत मोठी गफलत आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत या वादाला धार येते ती जागेमुळे. बक्षिसावर चालणाऱ्या पद्धतीला अंतर हवे, आणि तीस मजली इमारतीत तेच दुर्मीळ असते. लिफ्ट, अरुंद मार्गिका, पोडियम आणि फाटक या चार ठिकाणांतून गेल्याखेरीज कुत्रा मोकळ्या रस्त्यावर पोहोचत नाही. सिडकोने १९७० नंतर आखलेल्या सेक्टरांत रस्ते रुंद आहेत आणि पाम बीच रस्त्यालगत पहाटे दूरवरचे दिसते. पण घोडबंदरच्या संकुलात वळण घेताच दुसरा कुत्रा समोर उभा असतो. अशा वेळी ‘आठवडाभरात भुंकणे बंद’ असे आश्वासन देणारी साखळी मोहात पाडते. सोसायटीच्या नोटिशीखाली दबलेल्या श्वानपालकाला त्यासाठी दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.

फाटकाबाहेरचे भटके कुत्रे हा याच गुंत्याचा भाग आहे. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण केलेला कुत्रा मूळ जागी परत सोडला जात असल्याने पाळीव कुत्र्याची त्याच्याशी रोज गाठ पडणार, हे गृहीत धरावे लागते. २०२३ च्या नियमांतील विसावा नियम खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर ठरवण्यास सांगतो. हा नियम तंटे टाळण्यासाठी केलेला असला, तरी तो पाळला गेल्यास फाटकातच बिथरणाऱ्या पाळीव कुत्र्याला आवश्यक ते अंतर आपोआप मिळते.

साधनांविषयी कायदा मात्र मोघम आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे ११ वे कलम मारहाण आणि अनावश्यक वेदना हा गुन्हा मानते, परंतु पहिल्या अपराधासाठी त्यात १० ते ५० रुपये दंड आहे आणि प्राँग किंवा शॉक कॉलरचा नावानिशी उल्लेख नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि मुसके बांधण्याची सक्तीही करता येत नाही. परिणामी हक्क स्पष्ट झाला, तो कसा वापरायचा हे मात्र सोसायट्यांवर सोडले गेले. सकाळी काही वेळ एक लिफ्ट कुत्र्यांसाठी राखणे, बिथरणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने वॉचमनला आधी कळवून बाहेर पडणे, तोंड उघडता येईल असे जाळीदार मुसके कुत्र्याला हळूहळू अंगवळणी पाडून स्वेच्छेने वापरणे, अशा तडजोडी जेथे रहिवाशांनी आपसांत ठरवल्या, तेथे ट्रेनरला काम सुरू करण्याइतके अंतर मिळते. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय बहुधा पार्किंगनंतर, सभा आटोपत आली असताना निघतो.