हृदय दहा किलोंचं, घात खुरांचा

सेक्रेटेरिएट या शर्यतीच्या घोड्याचं नाव निघालं की बोलणं त्याच्या हृदयावर येतंच. ९ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट शर्यतीत हा घोडा दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत धावला आणि तब्बल ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला. तो विक्रम अजून टिकून आहे. त्याचं हृदय १० किलोंचं होतं म्हणतात. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं साधारण चार-साडेचार किलोंचं असतं. मात्र शवविच्छेदनात ते काट्यावर चढलंच नव्हतं. दहा किलो हा डॉक्टरांचा अंदाज.

गेला तो खुरांपायी. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज, झाला आणि ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, त्याला दयामरण द्यावं लागलं. नागपुरात वरातीला सजून येणाऱ्या घोडीलाही हाच आजार होऊ शकतो, आणि तिथे निमित्त असतं लाडाचं.

घोड्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट असतं. त्या बोटाचं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला आतून ५५०-६०० नाजूक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. पापुद्रे सुजून सुटले की वरून अंगाचा भार आणि मागून स्नायूबंधाची ओढ, या दोन्हींत हाड तळव्याकडे कलतं.

आता खाणं. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, आम्ल वाढतं आणि त्याचा फटका खुरांना बसतो. ३०० किलोंच्या घोडीला एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, नको. पोट भरायचं ते गवत-कडब्याने. वरातीत मात्र कोणी चण्याचं घमेलं पुढे करतं, कोणी बुंदी, कोणी पोळ्यांची चवड. फसगत होते ती पुढे. दुसरा दिवस बहुधा बरा जातो, मग खाल्ल्यापासून दीड-दोन दिवसांनी घोडी लंगडते आणि बोल लागतो नालबंदाला.

ती पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभी राहते. खूर गरम लागतात, खुरामागच्या खळग्यात नाडी ठणठण उडते. पण जास्त चंदी खाल्ल्याचं कळलं, तर या खुणांची वाट पाहू नये. डॉक्टरांना बोलवावं, चंदी बंद करावी आणि पाय गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवावेत, सलग ४८ ते ७२ तास. बर्फाची लादी लग्नसराईत मिळतेच; अवघड असतं ते रात्री उठून बर्फ भरत राहणं. तासाभराच्या शेकाने काही साधत नाही, कारण खूर आतून १० अंशांखाली राहायला हवा.

‘पाय मोकळे होतील’ म्हणून घोडीला सिमेंट रोडवर फिरवणं सगळ्यात वाईट. एकेक पाऊल उरलेले पापुद्रे फाडतं. तिला वाळूच्या जाड थरात उभी करावी, आडवी झाली तर होऊ द्यावं. हाड किती कललंय ते एक्स-रेतच दिसतं, आणि एकदा कललेलं हाड बर्फाने जागेवर येत नाही.