फाटक्या पुस्तकातला क्यूआर कोड

परवा पालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरत होता, की बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी जो काळापांढरा चौकोन छापलेला असतो ना, त्यातच अख्खा व्हिडिओ भरलेला असतो, मोबाइल नुसता वर धरायचा, नेट नसलं तरी चालतं. खाली पंधरा-वीस जणांचे अंगठे. तसं नाहीये हो. आणि खरं जे आहे ते या मेसेजपेक्षा कितीतरी भारी आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी साधा हिशोब करू. क्यूआर कोडचे एकूण ४० आकार आहेत, सगळ्यात लहान २१ बाय २१ घरांचा आणि सगळ्यात मोठा १७७ बाय १७७. त्या मोठ्यात अगदी कोंबून कोंबून भरलं तरी २,९५३ बाइट बसतात (कोडमधल्या आठ घरांचा एक बाइट). मोबाइलमध्ये आपली मराठी ज्या पद्धतीने साठवतात तिच्यात प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे क वेगळा, त्याचा काना वेगळा, मात्रा वेगळी. तर झाली ९८४ चिन्हं, पुस्तकाचं एक भरगच्च पानसुद्धा धड होत नाही. मिनिटभराच्या व्हिडिओला लाखो बाइट लागतात, तो यात कुठून मावणार! पुस्तकातल्या कोडमध्ये असतो तो फक्त पत्ता. मोबाइल पत्ता वाचतो आणि नेटवरून 'दीक्षा' या शालेय अभ्यासाच्या अ‍ॅपमधल्या त्या पानावर जातो, तिथे व्हिडिओ असतो. हे दीक्षा सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलं. त्याच्या कोडखाली सहा अक्षर-आकड्यांचा एक छोटा नंबरही छापलेला असतो, कोड स्कॅन नाही झाला तर तो अ‍ॅपमध्ये टाइप करायचा, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

आता सईची गोष्ट. सई म्हणजे माझी भाची, सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली होती, कव्हर अर्धं निघालेलं. एका धड्याच्या कोडवर हळदीच्या वरणाचा रुपयाएवढा डाग, आणि दुसऱ्या एका कोडचा खालचा डावा कोपरा फाटून गेलेला, इतकुसा, नखाएवढा. डागवाला स्कॅन झाला, लगेच. फाटका काही केल्या होईना. "मामा, डाग एवढा मोठा आणि फाटलंय इतकुसं, मग असं का?" मला हा प्रश्न इतका आवडला की ती संध्याकाळ त्यातच गेली.

कोपऱ्याचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोनी डोळे असतात, चौथ्यात नसतो. मोबाइल आधी हे डोळे शोधतो. त्यांच्यावरून त्याला कळतं की कोड कुठे आहे, किती मोठा आहे, तिरका आहे की उलटा. डोळ्याच्या मधोमध कुठूनही आडवी, उभी, तिरपी रेघ मारली तरी काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं हे १:१:३:१:१ याच प्रमाणात येतं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने हा कोड बनवला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर ढीगभर बारकोड एकेक करून स्कॅन करायला लागायचे त्याला वैतागून. आणि हे प्रमाण त्यांनी मनाने नाही ठरवलं, मासिकं, जाहिरातीची पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी, असलं छापील सामान धुंडाळून बघितलं की काळ्यापांढऱ्याचं कुठलं प्रमाण छपाईत सगळ्यात कमी येतं, तेच घेतलं, म्हणजे शेजारच्या मजकुरालाच डोळा समजून मशीन फसणार नाही. केवढा विचार! तर सईच्या पुस्तकातला फाटलेला तो नेमका डोळा होता. डोळाच गेला तर बहुतेक स्कॅनरना समोर कोड आहे हेच कळत नाही, आतलं सगळं शाबूत असलं तरी.

मग डाग. हळद फसवी निघाली, कारण मोबाइल रंग बघतच नाही, तो फक्त उजळ आणि गडद बघतो. पिवळा डाग त्याच्या लेखी जवळपास पांढराच आणि हळदीखालचं काळं काळंच राहतं. म्हणून आम्ही काळं स्केचपेन घेतलं. पुस्तक अजून खराब नको म्हणून मी लॅपटॉपवर आमचा एक कोड बनवला, त्यात मजकूर सईने दिला: 'मामाला चहा दे'. अकरा चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, म्हणजे ३५ बाइट. हा कोड स्कॅन केला की विमान मोडमध्येसुद्धा स्क्रीनवर 'मामाला चहा दे' येतं, कारण इथे पत्ता नाही, मजकूरच कोडमध्ये आहे. (त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये तथ्य असेल तर एवढंच.) त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या आणि सई एकेक पांढरं घर काळं करत सुटली, डोळे सोडून. पाच घरं, दहा घरं, वीस घरं, दर वेळी स्कॅन आणि दर वेळी 'मामाला चहा दे'. पुसट नाही की एखादं अक्षर चुकलं नाही. आणि मग एका क्षणी एकदम बंद. थोडं चुकलेलं वाक्य असं कधी आलंच नाही, एक तर अख्खं बरोबर नाही तर काहीच नाही.

हे कसं होतं ते सांगतो, आणि इथे जरा दमाने वाचा, कारण माझ्या मते मोबाइलमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

समजा मला दोन आकडे पाठवायचेत, ७ आणि ४. नुसते पाठवले आणि वाटेत एक बिघडला तर संपलं, कळणारही नाही. त्याऐवजी मी ७ पासून सुरू करतो आणि दर वेळी ४ वाढवत जातो: ७, ११, १५, १९, २३. आलेखाच्या कागदावर हे पाच बिंदू मांडले तर एका सरळ रेषेत येतात. आता पलीकडे पोचले ७, ११, ५१, १९, २३. चार बिंदू एका रेषेत आणि एक कुठेतरी वर उडालेला. काय बिघडलंय आणि तिथे काय असायला हवं होतं, दोन्ही दिसतं, ५१ च्या जागी १५. परत विचारायला जायची गरज नाही!

दोन बिघडले तर? पाचातले तीन बरोबर उरतात. पण दोन चुकीचे आणि एक बरोबर असे तीन बिंदूही योगायोगाने दुसऱ्याच एका रेषेवर बसू शकतात, मग तीनाविरुद्ध तीन, खरं कोणाचं मानायचं? म्हणून सहावा आकडा पाठवायचा, २७. मग खऱ्या रेषेवर चार उरतात आणि फसव्या रेषेवर कितीही जमलं तरी तीनच. म्हणजे एक चूक निस्तरायला दोन जादा आकडे लागतात, एक चूक कुठे आहे हे शोधायला आणि एक तिथे काय होतं हे काढायला.

आता दोन आकड्यांऐवजी ४४ आकडे असतील तर सरळ रेषेऐवजी वळणावळणाचा वक्र घ्यायचा, दहावीत वर्गसमीकरण शिकलो त्याचाच लांबचा मोठा भाऊ, x चा ४३ वा घात असलेली बहुपदी. दोन बिंदूंतून जशी एकच रेषा जाते तसा ४४ बिंदूंतून असा एकच वक्र जातो. आमचा 'मामाला चहा दे' २९ बाय २९ घरांचा होता, म्हणजे ८४१ घरं. त्यातली डोळे, मधल्या खुणा वगैरे सोडली की ५६० घरांत ७० बाइट बसतात, आणि त्या ७० मधले ४४ मजकुरासाठी तर तब्बल २६ नुसते दुरुस्तीसाठी ठेवलेले. २६ चे निम्मे १३. तेरा बाइट बिघडेपर्यंत वाक्य अख्खं परत मिळतं, चौदावा बिघडला की वक्र हातातून निसटतो. म्हणून ते 'एकदम बंद'.

ही युक्ती १९६० मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी मांडली, अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत. सीडीवर ओरखडे पडले तरी गाणं वाजायचं ते हिच्याच जोरावर, आणि १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ या अंतराळयानाने युरेनसजवळून फोटो पाठवले तेव्हाही हीच वापरली होती. क्यूआर कोडमध्ये मांडणी जराशी वेगळी आहे, मजकूर आहे तसा आधी ठेवतात आणि बहुपदींच्या भागाकारातून निघालेली बाकी त्याच्यामागे जोडतात, पण तत्त्व तेच.

एक अडचण राहते. वक्रावरचे आकडे बघता बघता कोटींत जातात, आणि एका बाइटमध्ये तर ० ते २५५ एवढंच मावतं. म्हणून इथलं गणितच वेगळं आहे, फक्त २५६ संख्यांचं जग, ज्यात बेरीज वजाबाकी गुणाकार भागाकार काहीही करा, उत्तर त्याच २५६ मध्ये येतं. त्या जगात ५ अधिक ३ म्हणजे ६. आणि ६ अधिक ३ परत ५! कारण बेरीज करताना हातचा घेतच नाहीत, संगणकाच्या ०-१ च्या लिखाणात ५ म्हणजे १०१, ३ म्हणजे ०११, जिथे दोन्ही सारखे तिथे ०, वेगळे तिथे १, झालं ११०, म्हणजे ६. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकी एकच. गुणाकारात उत्तर २५५ च्या पुढे गेलं की २८५ हा ठरलेला आकडा त्यात याच पद्धतीने मिळवून खाली आणायचं, म्हणून २ गुणिले १२८ म्हणजे २५६ नाही, २९. विचित्र वाटेल पण भागाकारही बिनचूक होतो, बाकी न उरता, आणि तेच महत्त्वाचं, कारण अपूर्णांक आले असते तर सगळं फिसकटलं असतं. असल्या मर्यादित संख्यांच्या जगाचा पाया घातला एव्हारिस्त गॅल्वा या फ्रेंच पोराने, जो १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी लागून वयाच्या विसाव्या वर्षी गेला. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी काही बिघडत नाही, पुढे चला.

अजून एक खुबी. एका बाइटची आठ घरं कोडमध्ये इकडेतिकडे विखुरलेली नसतात, बहुतेक वेळा दोन रुंद चार उंच अशी खेटून असतात. कारण बाइटमधलं एक घर बिघडलं काय आणि आठही बिघडली काय, चूक एकच मोजली जाते. डाग एका जागी पडतो, त्यामुळे तो थोडेच बाइट पूर्ण खातो. सईने दुसऱ्या झेरॉक्सवर एकाच जागी मोठा ठिपका काढला तर पन्नासच्या वर घरं जाऊनही चहा मागितला जात होता, आणि तिसऱ्या कागदावर तेवढीच घरं सगळीकडे शिंपडली तर कोड केव्हाच गप्प झाला होता.

आता शाळेकडे येतो. पुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना आपल्याकडे गाजली ती रणजितसिंह डिसले गुरुजींमुळे, सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, १० लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. २००९ मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं वेगळ्या भाषेत, मग गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांना समजतील अशी केली आणि त्यात कविता ऐकायला, धडे बघायला कोड टाकले. क्रम बघा, आधी भाषा शिकले, मग कोड. बातम्यांत मात्र कोडच राहिला, कन्नड गळून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण मोबाइल घरात आला म्हणजे शिक्षण आलं असं होत नाही. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, आणि त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. मी एका शाळेत टॅब बघितले, प्लास्टिकच्या वेष्टणासकट कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि बाहेर 'डिजिटल शाळा' असा बोर्ड. त्यापेक्षा बाईंचा एकच मोबाइल आणि सकाळी रेंज असताना डाउनलोड करून ठेवलेला व्हिडिओ, जो बाई मध्येच थांबवून विचारतात 'आता पुढे काय होईल सांगा', हे मला शंभर पटीने बरं वाटतं.

आणि त्याच पालकांच्या ग्रुपवर 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या क्लासची जाहिरातही येते, मुलं डोळ्याला पट्टी बांधून पुस्तक वाचतात म्हणे. वाचतात ती नाकाशेजारच्या फटीतून, दुसरं काही नाही, पट्टी नीट चिकटवून बंद केली की सगळी शक्ती संपते. हजारो रुपये घेतात हो लोक यासाठी! मुलांना थक्कच करायचं असेल तर एक झेरॉक्स आणि एक स्केचपेन द्या.

फाटका कोड तसाच राहिला होता. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी सईला म्हटलं की तिन्ही डोळे सगळ्या कोडमध्ये अगदी सारखे असतात, त्यात मजकूर काहीच नसतो. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग मोजपट्टी शोधायला लागली. फाटलेल्या जागेमागे पांढरा कागद चिकटवला, शेजारच्या कोपऱ्यातला डोळा मापला, सात बाय सात घरं, बाहेर काळी चौकट, आत पांढरी, मधोमध तीन बाय तीनचा काळा ठोकळा, आणि बारीक काळ्या पेनने काढला. एक बाजू जरा वाकडी झाली. मोबाइल धरला. पहिल्यांदा नाही झाला, उजेडात नेला, आणि धडा उघडला.