‘डिवचलेला’ चावा: एका रकान्याची पार्श्वभूमी

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत शार्कच्या हल्ल्यांचा जागतिक आकडा वर्तमानपत्रांत येतो. २०२४ चा आकडा होता ४७. आदल्या वर्षी तो ६९ होता, त्यामुळे बातम्यांचा सूर ‘हल्ले घटले’ असा राहिला. त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक रकाना असतो, पण मथळ्यापर्यंत तो पोहोचत नाही. तिथे २०२३ मध्ये २२ नोंदी होत्या, २०२४ मध्ये २४. म्हणजे ‘घट’ झाली ती पहिल्याच रकान्यात. पहिल्याचं नाव ‘न डिवचता झालेले चावे’ आणि दुसऱ्याचं ‘डिवचल्यामुळे झालेले’. स्पिअरगन, म्हणजे भाला सोडणारी बंदूक, घेऊन पाण्याखाली मासे मारणारा माणूस दुसऱ्या रकान्यात जातो, मग त्याने शार्ककडे ढुंकूनही पाहिलेलं नसो.

‘हल्ला’ हा शब्दसुद्धा मुळात रूढ नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अशा घटनेला सर्रास ‘शार्क अपघात’ म्हणत. १९३३ मध्ये सिडनीतल्या एका शल्यचिकित्सकाने वैद्यकीय नियतकालिकात या घटनांवर लिहिलं, शीर्षकातच ‘हल्ले’ हा शब्द वापरला आणि पुढची काही दशकं तो तसाच रुळवला. एखादाच ‘बिथरलेला’ शार्क माणसांच्या मागे लागून पुन्हा पुन्हा हल्ले करतो, ही कल्पनाही त्याचीच. १९३७ पासून सिडनीच्या किनाऱ्यांवर जाळी लागली. पाठोपाठ महायुद्ध आलं, बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी उघड्या समुद्रात तरंगत राहिले आणि शार्क हा अमेरिकी नौदलाच्या काळजीचा विषय झाला. १९५८ मध्ये नौदलाच्याच पैशातून जगभरच्या घटनांची फाईल उघडली गेली. वर सांगितलेला तक्ता आजही त्याच फाईलमधून निघतो. ती आता फ्लोरिडातल्या एका संग्रहालयात आहे.

ही फाईल नवी होती त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, तीन वर्षांत तीन घटना घडल्या. तिन्ही वेळा सापडले ते स्पिअरफिशर, म्हणजे श्वास रोखून बुडी मारून भाल्याने मासे मारणारे. १९६१ मध्ये अल्डिंगाला एका पट्टीच्या पाणबुड्याच्या पायाचा आणि हाताचा शार्कने चावा घेतला. त्याने स्पिअरगनचं रबर काढून पायाला आवळलं, रक्त थांबवलं आणि किनाऱ्याच्या दिशेने पोहत सुटला. तो वाचला. १९६२ च्या डिसेंबरमध्ये थोड्या दक्षिणेला कॅरिकालिंगाजवळ एक सोळा वर्षांचा मुलगा मात्र वाचला नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये पुन्हा अल्डिंगा, राज्याची स्पिअरफिशिंग स्पर्धा. एका जुन्या विजेत्याने मोठा मासा हेरला होता, भाला सोडण्याच्या तो बेतात होता. तेवढ्यात डाव्या बाजूने ग्रेट व्हाइट जातीच्या शार्कने त्याला छातीपाशी धरलं. त्याने शार्कचे डोळे चाचपले, सुटला, पण ढकलताना हात जबड्यात गेला. तो वर आला. शार्कने मग त्याला सोडून, त्याच्या कमरपट्ट्याला दोरीने बांधलेला, मारलेले मासे ठेवायचा तरंगा गिळला. दोरीबरोबर तोही पुन्हा खाली ओढला गेला. दोरी तुटली म्हणून जगला. त्याचा वेटसूट लगेच काढला गेला नाही हे नशीब, कारण फाटलेलं शरीर त्या रबराच्या सुटानेच एकत्र धरलं होतं. टाके पडले ४६२.

या प्रसंगातली छातीची जखमच सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझ्या मते खरी माहिती आहे ती दोरीत. भाल्यावर तडफडणारा मासा पाण्यात कमी वारंवारतेची कंपनं सोडतो आणि ती शार्कला शेकडो मीटरवरून ऐकू येतात. रक्ताचा वास त्यानंतरचा, आणि अगदी जवळ आल्यावर नाकाडावरच्या छिद्रांतून विद्युतक्षेत्राचा अंदाज. दिवसभर मासे मारून ते कमरेला लटकवून पोहणारा माणूस स्वतःच आमिषाच्या टोकाला बांधलेला असतो. त्यामुळे डिवचणं घडतं असं म्हणायचं झालं, तर ते शार्कला नाही. आकर्षित करणं घडतं. ही दोन वेगळी कृत्यं आहेत, आणि घोळ नेमका इथेच आहे.

जागतिक फाईलची व्याख्या सांगते की माणसाने शार्कशी संपर्काला सुरुवात केली असेल तर चावा ‘डिवचलेला’. मग उदाहरणं येतात: शार्कला हात लावणारा, त्याची शेपटी ओढणारा, त्याला खाऊ घालणारा, जाळ्यातून सोडवताना चावा बसलेला मच्छीमार. आणि याच ओळीत स्पिअरफिशर. ऑस्ट्रेलियाची स्वतंत्र नोंदवही १९८४ ची. तिने तर स्पष्टच लिहिलं की मासेमारी, स्पिअरफिशिंग किंवा शिंपले गोळा करण्यासारख्या कामामुळे शार्क ओढला गेला असेल तरी ते डिवचणंच. संशोधकांची बाजू मला समजते. शार्क स्वाभाविकपणे कसा वागतो हे शोधायचं तर आमिष असलेल्या घटना बाजूला काढाव्याच लागतात. पण बाजूला काढायला निवडलेला शब्द दोष देणारा आहे. शेपटी ओढणारा पर्यटक आणि पोटासाठी ॲबलोनी नावाचे शिंपले काढणारा पाणबुड्या एकाच शिक्क्याखाली येतात. शिवाय बातमीत छापला जाणारा छोटा आकडा वाचून बुडी मारणाऱ्याला जो दिलासा मिळतो, तो त्याच्यासाठी मोजलेलाच नसतो. त्याच्यासारखे लोक शेजारच्या रकान्यात आहेत.

‘पाणबुडे’ हा गठ्ठाही तसाच फसवा. टाकी लावून, बुडबुडे सोडत, रिकाम्या हाताने प्रवाळ पाहणारा स्कूबा डायव्हर आणि श्वास रोखून भाल्याने मासा मारणारा यांचा धोका सारखा नाही. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये स्कूबा लावून स्पिअरफिशिंग करायलाच मनाई आहे. तरी चर्चेत दोघांचे अनुभव एकमेकांत मिसळून सांगितले जातात.

अल्डिंगाच्या त्या माणसाने पुढे शार्क पाहण्यासाठी पिंजरा बनवून घेतला, १९६५ मध्ये. प्राणिसंग्रहालयात सिंहाचा पिंजरा पाहून ही कल्पना सुचली, असं सांगतात. ‘जॉज’ या १९७५ च्या गाजलेल्या हॉलिवूडपटातली खऱ्या शार्कची दृश्यं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्याच समुद्रात टिपली गेली आणि जगभर भीती पसरली. पण त्याच पिंजऱ्यांतून शार्कचा अभ्यास आणि त्याच्याबद्दलची आस्थाही वाढली. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ग्रेट व्हाइटला संरक्षण दिलं, १९९० चं दशक संपेपर्यंत ऑस्ट्रेलियानेही. मग काही मृत्यूंनंतर २०१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने किनाऱ्यालगत आमिष लावलेले गळ टाकले. सुमारे तीन महिन्यांत १७२ शार्क लागले, बहुतेक टायगर शार्क. ज्याच्या भीतीने हे केलं तो ग्रेट व्हाइट एकही नाही. राज्याच्याच पर्यावरण यंत्रणेने योजना पुढे चालवू नका असा सल्ला दिला.

त्याआधी, २०१३ मध्ये, दोन संशोधकांनी शब्दच बदलायचा प्रस्ताव मांडला होता: दिसणं, गाठ पडणं, चावा, जीवघेणा चावा. न्यू साउथ वेल्समध्ये तीस वर्षांत नोंदलेल्या ‘हल्ल्यां’पैकी एक तृतीयांशाहून अधिक घटनांत माणसाला साधी जखमही झाली नव्हती, हा त्यांचा मुद्दा होता. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही सरकारी खात्यांनी ‘हल्ला’ टाळायला सुरुवात केली तेव्हा ‘शार्कचे लाड’ अशी टीका झाली. जखमी झालेल्या काहींनाही हा बदल पटला नाही, आणि त्यांचं दुःख हलकं करणारा शब्द कुणी वापरू नये हे मलाही मान्य आहे. मात्र या वादात ‘डिवचलेला’ या शब्दाकडे कुणी फारसं वळलं नाही.

आपल्याकडे लहान शार्क बाजारात मुशी असतो, मालवणकडे मोरी, आणि त्याचं कालवण होतं. तोच मोठा होऊन माणसाला चावला की बातमीत ‘शार्क’ होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोर परिसरात, वैतरणेच्या खाडीत, मासे पकडायला गेलेल्या तरुणाच्या पायाचा बुल शार्कने लचका तोडला. गोड्या पाण्यातही वावरणारी ही जात, खाडीत शिरणं तिच्यासाठी नवं नाही. मराठी मथळ्यांत शब्द एकच होता, हल्ला. ऑस्ट्रेलियन व्याख्या लावली तर मासेमारीमुळे शार्क ओढला गेला असं ठरवून या तरुणाची नोंदही ‘डिवचलेला’मध्ये ढकलता येईल.

स्पिअरफिशर मंडळींनी शब्द ठरायची वाट पाहिली नाही. अल्डिंगानंतर मासे कमरेला लावायची सवय हळूहळू मागे पडली. मासे लांब दोरीवरच्या तरंग्यात किंवा सरळ होडीत जाऊ लागले. जोडीने उतरायचं, एक खाली तर दुसरा वर लक्ष ठेवून, पाणी गढूळ असेल तर बाहेर यायचं. आणि मासा भाल्याला लागला की पहिलं काम त्याला तिथल्या तिथे मारण्याचं, तडफड थांबवण्याचं.