हीटर बंद करणारा शेवटचा झटका

थर्मोस्टॅटमधून अधूनमधून 'टक' असा आवाज येतो, तो आतल्या रिलेचा. घर उबदार ठेवणारा हीटर किंवा बॉयलर चालू-बंद होतो तो या इवल्याशा स्विचमुळे. थर्मोस्टॅटचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर वर्षभर चालवायचा म्हटलं, तर सगळा पेच इथेच आहे.

मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपची, काळजी नाही. मिनिटातून एकदा तो जागा होतो, तापमान मोजतो आणि पुन्हा झोपतो. झोपेत त्याला एक-दोन मायक्रोअँपिअर पुरतात. छोट्या साध्या रिलेची कॉइल मात्र चालू असेपर्यंत सुमारे 70 मिलिअँपिअर खाते. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता साधारण 2500 मिलिअँपिअर-तास. म्हणजे हीटर सलग चालला, तर दीड दिवसात सेल संपले!

म्हणून लॅचिंग रिले घेतात. त्याला साधारण 50 मिलिसेकंदांचा झटका दिला की काम झालं; पुढे आतला कायम चुंबक त्याला तिथेच धरून ठेवतो, विजेशिवाय. पण नेमका हाच गुण घातक ठरू शकतो. वीज गेली की साधा रिले स्प्रिंगच्या जोरावर सुटतो आणि हीटर बंद पडतो. लॅचिंग रिले 'चालू' असताना सेल संपले, तर तो 'चालू'च राहतो, आणि त्याला हलवायला आता वीजच नसते. त्यामुळे सेलचं व्होल्टेज उतरू लागल्याचं वेळीच ओळखून, आधीच भरून ठेवलेल्या कपॅसिटरमधून (थोडी वीज साठवणाऱ्या भागातून) 'बंद'चा एक शेवटचा झटका द्यावा लागतो. चार पैसे वाचवायला हा कपॅसिटर गाळणं मला अक्षम्य वाटतं.

सेन्सरही असाच फसवतो. तापमान मोजणाऱ्या एनटीसी थर्मिस्टरचा विजेला होणारा रोध गारठ्यात वाढतो. त्याची वायर तुटली तर रोध अनंत होतो, आणि प्रोग्रॅम समजतो की घर गोठलंय! मग हीटर धडाधडा पेटत राहतो. अशक्य आकडा आला की हीटर बंद, ही अट प्रोग्रॅममध्ये हवीच.

प्रोग्रॅम अडकला आणि ठरलेल्या वेळेत त्याचा निरोप आला नाही, तर वॉचडॉग टायमर हे राखणदार घड्याळ चिप रीसेट करतं. पण 'मी ठीक आहे' हा निरोप मुख्य प्रोग्रॅमनेच द्यायला हवा. टायमर इंटरप्टमधून, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या वेगळ्या तुकड्यातून दिला, तर मुख्य प्रोग्रॅम गोठला तरी निरोप जातच राहतो.

आणि रिलेचे काँटॅक्ट ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटले, तर कुठलाच कोड कामी येत नाही. त्यासाठी हीटरच्या वाटेत वेगळा द्विधातू कटआउट, म्हणजे दोन धातूंच्या जोडपट्टीचा स्विच बसवतात. तापमान हद्दीबाहेर गेलं की पट्टी वाकते आणि वीज तुटते.