ओटीपी आला म्हणजे ओळख पटली, असं नसतं
बँक ऑनलाइन चालते मग मतदान का नाही, ओटीपी टाका की झालं, हे किती वर्षं ऐकतोय आपण. पण ओटीपीवरून फक्त तो नंबर कुणाच्या तरी हातात आहे एवढंच कळतं, कुणी तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो. आणि बँकेत पैसे गेले तर स्टेटमेंटमध्ये दिसतं, तक्रार करता येते, कारण प्रत्येक एन्ट्रीवर तुमचं नाव असतं. मताचं तसं नाही, आधी ओळख तपासायची आणि मग मत गुप्त राहावं म्हणून तीच ओळख मतापासून तोडायची, मग मध्येच मत बदललं तर पकडणार कसं? खरी अडचण ही आहे.

युरोपातल्या एस्टोनिया या देशात २००५ पासून ऑनलाइन मतदान होतं, पण तिथे चिपवालं ओळखपत्र किंवा तशीच मोबाइलवरची डिजिटल ओळख लागते, एक पिन ओळखीला, दुसरा डिजिटल सहीला. कुणी शेजारी उभं राहून जबरदस्ती केली तर नंतर पुन्हा मत देता येतं, शेवटचंच धरतात. एवढं करूनही २०१७ मध्ये चिपमध्ये दोष सापडला आणि साडेसात लाखांच्या आसपास कार्डांची सर्टिफिकेटं, म्हणजे कार्ड कुणाचं आहे याची डिजिटल खात्री, थांबवावी लागली.