साठ की सत्तावन्न? एका लग्नाच्या तारखेची पार्श्वभूमी

आजा-आजीच्या लग्नाच्या साठ वर्षांची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना, करायची ठरली, तेव्हा घरात आधी निघाला तो तारखेचा प्रश्न. लग्न 1965 च्या उन्हाळ्यातलं. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नोंदवहीत मात्र 1968 आहे. पत्रिकेवर साठ छापायचं की सत्तावन्न, यावर दोन रविवार गेले. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात जी घरं लग्नानंतर ख्रिस्ती विश्वासात आली, त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत हा घोळ निघेल, म्हणून थोडं मागचं सांगतो.

पश्चिम खानदेशात मिशन आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1899-1900 चा छपन्या दुष्काळ तेव्हा लोकांच्या ताज्या आठवणीतला होता. परदेशी मिशनरी मराठी शिकून आले, पण इथे चुलीपाशी मावची आणि भिली चालायची, बाजारात अहिराणी. शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणि रडणं-हसणं मावचीत, हे आमच्याकडे अजून तसंच आहे. पुढे 1940 च्या दशकात चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना निघाला. आमच्या घरी प्रभूची ओळख झाली ती याच वाटेने. थोरल्या मुलाच्या तापात आजी त्याला घेऊन तिथे राहिली होती.

आता लग्नाचं. 1965 चं लग्न आमच्या आदिवासी रीतीप्रमाणे झालं. पंच बसले, देज (नवऱ्याकडून मुलीच्या घरी द्यायची रक्कम) ठरलं, मोहाची दारू पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडली, ढोल वाजला. देजाची रक्कम एकदम देता आली नाही. बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊन आजाने दोन हंगामांत ती फेडली. 1968 मध्ये दोघांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच महिन्यात पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यांना वेदीपुढे उभं केलं. आजी आजही त्याला ‘आशीर्वाद घेतला’ म्हणते. नोंदवहीत मात्र ‘विवाह’ असं लिहिलंय. तिच्या नावापुढे ‘अविवाहित’ अशी नोंद आहे, आणि त्या वेळी तिच्या कडेवर दोन वर्षांचे माझे वडील होते.

त्या काळच्या पाळकांची बाजू मी समजू शकतो. दारू, देवदेव, एकाच्या दोन बायका या गोष्टींतून मंडळीला बाहेर काढायचं होतं. जुनं सारं पुसून नवी पाटी, हा त्यांना सोपा मार्ग वाटला असेल. पण बाप्तिस्म्याने लग्न मोडत नाही. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा नव्याने लागणाऱ्या लग्नांसाठी आहे. आधीचं लग्न तो रद्द करत नाही. त्याच्याही आधी, 1866 मध्ये, धर्मांतर केल्यामुळे जोडीदाराने टाकलेल्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला होता. जुनं लग्न आपोआप संपत असतं तर त्या कायद्याची गरजच पडली नसती. पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हेच सांगितलंय, की जोडीदार विश्वासी नसला आणि तो नांदायला राजी असला तर त्याला सोडू नये. त्या लग्नाला पौल लग्नच मानतो. मग आमच्या आजीची पहिली तीन वर्षं कोणत्या हिशेबाने वजा करायची?

पुढची वर्षं तर याच घराने पाहिली. आजी अक्षर शिकली ती शास्त्रावर बोट ठेवून. तिच्या शास्त्राला जुन्या लुगड्याच्या कापडाची खोळ आहे आणि स्तोत्र 23 चं पान बोटाच्या तेलाने पिवळं पडलंय. पाळक नसले की रविवारची प्रार्थना आजाच चालवायचा. 1998 मध्ये आमचा भाग धुळे जिल्ह्यातून नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला आणि कागदपत्रं पुन्हा काढताना तारखेचा हा फरक पहिल्यांदा उजेडात आला. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. आता नातवंडं शिकली, सुरत-पुण्याला गेली, आणि मंडळीतल्या काही तरुणांनी आग्रह धरला की नोंदीत आहे तेच खरं.

शेवटी आजाला विचारलं. तो म्हणाला, “देज मी फेडलं ना? मग ते वर्ष धर.” पत्रिकेवर साठ छापलं. सध्याच्या पाळकांनी हरकत घेतली नाही; नोंदवहीच्या समासात पेन्सिलने 1965 लिहिलं. उपकारस्तुतीची प्रार्थना मंडळीत होईल, पण सुरुवात घराच्या अंगणात, जिथे तेव्हा मांडव पडला होता तिथून. ढोलही तिथेच वाजेल.